आधाराचा शब्द आणि आधाराचा हात

उत्तर अमेरिकेतल्या मराठी समाजात वृद्धांच्या सांभाळाचा विषय निघाला की एक मत हमखास मांडले जाते, आणि ते इतक्या खात्रीने मांडले जाते की त्याला पुरावा मागण्याचे कोणाच्या मनात येत नाही. ते मत थोडक्यात असे: वडीलधाऱ्यांची सेवा हा मराठी घरातला संस्कार असल्यामुळे ती करणाऱ्या स्त्रीला घराचा, नातेवाइकांचा आणि मंडळाचा आधार आपसूक मिळतो, ज्या समाजात आईवडिलांना नर्सिंग होममध्ये ठेवण्याची रीत आहे त्या समाजाने बनवलेली ताण मोजायची साधने मराठी घराला लावू नयेत, आणि एखाद्या सुनेला भार फारच वाटत असेल तर तिने चार माणसांत मिसळावे, मन मोकळे करावे, म्हणजे तिला हलके वाटेल. या मतातले पहिले विधान अर्धवट आहे, दुसरे सोयीचे आहे आणि तिसरे, म्हणजे उपायाचे, प्रत्यक्षात ताण वाढवणारे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी व्हर्जिनिया राज्यातील हर्नडन हे एकच गाव समोर ठेवले आहे, कारण संस्कार, कायदा आणि सरकारी सेवा या तिन्ही गोष्टी एकाच स्त्रीच्या दिवसात कशा एकमेकींच्या आड येतात ते येथे जवळून दिसते.

हर्नडन हे फेअरफॅक्स काउंटीतले, १८७९ साली नगराचा दर्जा मिळालेले आणि २०२०च्या जनगणनेनुसार पंचवीस हजारांच्या आत वस्ती असलेले छोटे शहर आहे. शेजारी १९६२ साली डलेस विमानतळ झाला, त्याच्या रस्त्याला लागून पुढे संगणक कंपन्यांची रांग उभी राहिली, आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस वाय-टू-केच्या, म्हणजे संगणकांतील सन २०००च्या तारखेच्या अडचणीच्या, कामासाठी भारतातून जी अभियंत्यांची लाट आली तिच्यातली मराठी कुटुंबे हर्नडन, रेस्टन, स्टर्लिंग, अ‍ॅशबर्न या पट्ट्यात स्थिरावली. या कुटुंबांतले आजी-आजोबा प्रथम आले ते पाहुण्यांच्या व्हिसावर, सहा-सहा महिन्यांसाठी, सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणाला. डिंकाचे लाडू डब्यात भरून आणणाऱ्या आणि पहाटे उठून बाळाला तेल लावणाऱ्या त्याच आजी आता पंचाहत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. मुलगा नागरिक झाल्यावर त्याने त्यांच्यासाठी ग्रीन कार्डाचा अर्ज केला, आणि ज्या बाळासाठी त्या पहिल्यांदा आल्या होत्या ते बाळ कॉलेजात गेले त्या सुमारास त्या स्वतः सांभाळण्याच्या अवस्थेला पोहोचल्या. यात दोष कोणाचाच नाही. पण आकडेमोड बदलली आहे, आणि प्रचलित मत मात्र लाडवांच्या काळातच राहिले आहे.

मराठीत घरी शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीला नाव नाही. पगारावर काम करणारीसाठी परिचारिका, आया, मावशी असे शब्द आहेत, पुण्या-मुंबईत ‘ब्युरोची बाई’ म्हटले की बारा तासांची पाळी आणि तिचा दर इथपर्यंत सगळे कळते. परंतु सून किंवा लेक हेच काम करते तेव्हा भाषेकडे केवळ एक क्रियापद उरते. ‘तिने सासूचे खूप केले’, ‘आईचे सगळे तीच करते’, ‘त्यांचे करणारे कोणी नाही’: या वाक्यांत काय केले ते सांगावे लागत नाही, आणि म्हणूनच ते मोजावेही लागत नाही. भाषेवरून समाजाची परीक्षा करण्याचा मोह आवरावा हे खरे. तरीही या क्रियापदाचा भूतकाळ किती ऐकू येतो आणि वर्तमानकाळ किती कमी, याकडे दुर्लक्ष करता येत नाही. ‘गू-मूत काढले हो तिने’ हे वाक्य बहुधा तेराव्याच्या पंगतीत उच्चारले जाते. ते काढणे चालू होते त्या तीन-चार वर्षांत ते वाक्य ज्यांनी उच्चारायला हवे होते त्यांच्यापैकी कितीजण एका दुपारपुरते तरी येऊन बसले, हा प्रश्न पंगतीत कोणी विचारत नाही.

येथे दोन संज्ञांचा खुलासा करणे आवश्यक आहे. ‘सामाजिक आधार’ हा शब्द समाजशास्त्रात सरसकट वापरला जात नाही. जेम्स हाउस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९८१ साली त्याचे चार प्रकार वेगळे केले: भावनिक आधार, म्हणजे माया आणि ऐकून घेणे, साधनरूप आधार, म्हणजे प्रत्यक्ष वेळ, श्रम किंवा पैसा देणे, माहितीचा आधार, आणि मूल्यमापनाचा आधार, म्हणजे ‘तुझे बरोबर चालले आहे’ असा निर्वाळा. ‘भावनिक ताण’ ही दुसरी संज्ञा. शुश्रूषेच्या संदर्भात तिचा अर्थ दुःख असा नाही. काम, झोप, पैसा, स्वतःचे आरोग्य आणि आजारी माणसाशी असलेले नाते या सगळ्यांवर एकाच वेळी पडणारा आणि मागे घेता न येणारा दाब, असा आहे. स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली तो मोजण्यासाठी जी प्रश्नावली तयार केली, तिच्या पुढे रूढ झालेल्या रूपात बावीस प्रश्न आहेत, आणि त्यांपैकी एकही प्रश्न संस्कृतीच्या विरोधात जात नाही: स्वतःसाठी वेळ उरतो का, तब्येतीवर परिणाम झाला आहे का, आपण कमी पडतो असे वाटते का. हे प्रश्न मराठी घराला परके आहेत असे म्हणणे म्हणजे मराठी बाईला वेळ आणि तब्येत लागत नाही असे म्हणणे होय.

हाउसच्या चार प्रकारांत हर्नडनच्या स्त्रीला मिळणारा आधार बसवून पाहिला की गोंधळ कोठे आहे ते उमगते. मूल्यमापनाचा आधार भरपूर आहे. भावनिक आधारही, निदान शब्दांत, कमी नाही. साधनरूप आधाराची जागा जवळजवळ रिकामी आहे, आणि पहिल्या दोहोंची विपुलता हा तिसऱ्याचा पर्याय आहे असे समजणे हीच प्रचलित मताची मूळ चूक आहे.

ही चूक रोज रात्री नऊ वाजता पाहता येते. हिवाळ्यात भारताचे घड्याळ हर्नडनच्या साडेदहा तास पुढे असते, म्हणजे येथे रात्रीचे नऊ तेव्हा पुण्यात सकाळचे साडेसात, चहाची वेळ, आणि व्हिडिओ कॉलची ठरलेली वेळ. स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजे आठवण आणि भान हळूहळू नेणाऱ्या आजाराच्या, रुग्णाला सायंकाळनंतर अस्वस्थता वाढण्याचा अनुभव परिचित आहे. डिसेंबरात हर्नडनला पाच वाजायच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे ती घालमेल स्वयंपाकाच्या ऐन वेळी सुरू होते. चार तास ‘मला घरी जायचे आहे’ म्हणत दाराची कडी हलवणाऱ्या सासूबाईंना नऊ वाजता स्वच्छ साडी नेसवून, केस विंचरून पडद्यासमोर बसवले जाते. लेकीचा आवाज ऐकताच जुनी आदब क्षणभर परत येते, त्या हसतात, जेवलीस का म्हणून विचारतात. पंधरा मिनिटांनी नणंदबाई समाधानाने म्हणतात, “आई तर छानच दिसताहेत, वहिनी, तुम्ही उगाच काळजी करता.” या वाक्यात दुष्टपणा नाही, उलट कृतज्ञता आहे. पण त्यामुळे वहिनीच्या चार तासांची साक्ष पुसली जाते, आणि फोन ठेवल्यावर कडी पुन्हा हलू लागते. अशा संभाषणाला भावनिक आधार म्हणायचे असेल तर म्हणावे. त्यातून तिला पंधरा मिनिटांची उसंतही मिळालेली नसते, कारण पडद्यासमोर फोन धरून तीच उभी असते.

घराची रचनाही तिच्या विरोधात आहे. या पट्ट्यात अनेक कुटुंबे ज्या तीन मजली टाउनहाऊसमध्ये राहतात, त्यांत झोपायच्या खोल्या आणि आंघोळीची सोय वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघर मधल्या मजल्यावर, आणि त्या मजल्यावर फार तर संडास आणि बेसिन. तरण्या जोडप्यासाठी बांधलेल्या या जिन्यांवर वॉकर चालत नाही. वर ठेवले तर म्हातारे माणूस दिवसभर एकटे, खाली आणले तर प्रत्येक आंघोळीला तेरा-चौदा पायऱ्यांची दोन माणसांची मोहीम. आणि दुसरे माणूस दिवसा घरात नसते. मऊ भात, तूप-मेतकूट, औषधांच्या सात कप्प्यांचा डबा आणि ऑफिसचा लॅपटॉप एकाच टेबलावर मांडून बसलेल्या बाईला कोणी ‘चार माणसांत मिसळत जा’ असे सांगते, तेव्हा तो सल्ला नसतो, तिच्या परिस्थितीची माहिती नसल्याची कबुली असते.

प्रचलित मताचा सर्वांत भक्कम वाटणारा युक्तिवाद इतिहासाचा आहे: वाड्यातल्या एकत्र कुटुंबात हेच सारे विनातक्रार होत असे, मग आताच ताण कोठून आला? या युक्तिवादाची दखल सविस्तर घेतली पाहिजे, कारण त्यात निम्मे सत्य आहे. वाड्यात काम होत असे, हे खरे. ते कोण करत असे, हे मात्र सांगायचे राहून जाते. जावा होत्या, माहेरी आलेल्या नणंदा होत्या, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरात एक किंवा दोन विधवा असत. आलवणातली आत्या, लहानपणीच कपाळ पांढरे झालेली काकू. तिला पुनर्विवाह नव्हता, शिक्षण नव्हते, स्वतःचे उत्पन्न नव्हते, आणि आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढण्यासाठी तिच्याइतके हक्काचे माणूस घरात दुसरे नव्हते. ब्राह्मणी आणि तत्सम घरांची तथाकथित अंगभूत शुश्रूषा-व्यवस्था मोठ्या प्रमाणात या बिनपगारी आणि बिननावाच्या स्त्रीवर उभी होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढले, धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि तेथून शिकलेल्या स्त्रिया पगारी परिचारिका होऊ लागल्या; तेव्हाच त्या व्यवस्थेचा पाया निघाला, आणि तो निघाला हे चांगलेच झाले. वाड्याचा दाखला देणाऱ्यांनी ती विधवा परत हवी आहे का, हे आधी सांगावे.

शिवाय वाड्याला आजच्या लांबीची म्हातारपणे क्वचितच माहीत होती. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातील सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. त्या आकड्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा असला तरी ऐंशीच्या पुढे दहा वर्षे स्मृतिभ्रंशासह जगलेली माणसे ही त्या काळी घरोघरची गोष्ट नव्हती. आणि ‘विनातक्रार’ या शब्दाबद्दल इतकेच म्हणता येईल की, तक्रार लिहून ठेवण्याइतकी अक्षरओळख तिला कोणी करून दिली नव्हती. आजही भारतात घरकामाचा तोल कोणाकडे आहे ते २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात नोंदले गेले आहे: घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ त्यात जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटांचा. हर्नडनला येताना सामानाबरोबर हे प्रमाणही येते. येथे डिशवॉशर मिळतो, जाऊ मिळत नाही.

कौतुक हा आधाराचा सर्वांत स्वस्त प्रकार असला तरी तो निरुपद्रवी असता तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञांनी १९८३ साली ‘भावश्रम’ या अर्थाची संकल्पना मांडली: नोकरीचा भाग म्हणून विशिष्ट भावना चेहऱ्यावर आणि मनात तयार करण्याचे श्रम. त्यांचे उदाहरण विमानसेविकांचे होते आणि त्या श्रमांना निदान पगार होता. मराठी सुनेकडून कुटुंब सेवा मागते, त्याशिवाय ती सेवा ‘मनापासून’ असल्याचा पुरावाही मागते. ‘सोशिक’, ‘गुणाची’, ‘हसतमुख’ ही विशेषणे बक्षीस म्हणून दिली जातात आणि पुढे तारणासारखी वापरली जातात. एकदा हसतमुख ठरलेल्या बाईला रडायला जागा राहत नाही, कारण रडली तर तिने आतापर्यंत केलेलेही खोटे ठरते. संताप येणे, क्षणभर ‘सुटका व्हावी’ असे वाटणे आणि त्या विचाराने स्वतःचीच किळस येणे, ही साखळी दीर्घ शुश्रूषेत सर्वत्र आढळते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटाने स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांच्या लेकीच्या मनातली ही ओढाताण मराठी प्रेक्षकांसमोर आणली, हे त्याचे मोठेपण. त्याआधीच्या मराठी रंगभूमीने, ‘नटसम्राट’ असो की ‘संध्याछाया’, दुःख पाहिले ते बहुतांशी टाकलेल्या किंवा एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांचे. ते दुःख खरेच होते. पण त्यामुळे मध्यमवर्गाच्या मनात एकच खटला कायमचा चालू राहिला, ज्यात आईवडील फिर्यादी आणि मुले-सुना आरोपी. न टाकणाऱ्या सुनेला त्या खटल्यात जागाच नाही.

हा झाला घरातला हिशेब. कायद्यातला हिशेब याहून विचित्र आहे. आईसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करणाऱ्या मुलाला आधार-प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, म्हणजे आईचा खर्च गरिबीच्या सरकारी रेषेच्या १२५ टक्के पातळीपर्यंत आपण उचलू अशी कायदेशीर हमी. आणि त्याचे एकट्याचे उत्पन्न अपुरे पडले तर त्याच घरात राहणाऱ्या त्याच्या पत्नीचे उत्पन्न जोडता येते, मात्र मग तिलाही वेगळ्या करारावर सही करून ती जबाबदारी स्वतःवर घ्यावी लागते. म्हणजे स्थलांतर कायद्याच्या दृष्टीने सून ही सासूचा आधार होऊ शकते. आता हीच सासू पडून खुब्याचे हाड मोडून घेते आणि सून कार्यालयात रजा मागते. १९९३च्या कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेच्या संघीय कायद्याने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत, वर्षभर नोकरी झालेल्या कर्मचाऱ्याला बारा आठवड्यांची बिनपगारी पण नोकरी राखणारी रजा मिळते. ती स्वतःच्या आजारासाठी, अपत्यासाठी, जोडीदारासाठी आणि आईवडिलांसाठी असते. या कायद्याच्या नियमांत ‘आईवडील’ या शब्दात सासू-सासरे येत नाहीत, असे स्पष्ट लिहिले आहे. सही करताना ती सासूची कोणीतरी असते, रजा मागताना कोणी नसते.

मुलाला ती रजा मिळू शकते, हे खरे, आणि ती त्यानेच घ्यावी हा या विसंगतीवरचा अगदी साधा उपाय आहे. किती घरांत तो घेतला जातो, याचे उत्तर ज्याने त्याने आपापल्या घरापुरते द्यावे. दरम्यान २०२२च्या नोव्हेंबरात मेट्रोची सिल्व्हर लाइन हर्नडनपर्यंत आली आणि ही विसंगती एका तिकिटाच्या अंतरावर आली: हर्नडनमधल्याच कंपनीत काम करणाऱ्या सुनेला सासूसाठी कायद्याने रजा नाही, तीच बाई गाडीत बसून पाऊण तासावरच्या वॉशिंग्टन शहरात एखाद्या खाजगी कंपनीत नोकरीला जात असेल, तर तेथल्या २०२० पासून लागू झालेल्या सशुल्क रजेच्या कायद्यात सासू-सासरे धरलेले असल्यामुळे तिला पगाराचा हिस्सा देणारी रजा मागता येते. कॅलिफोर्नियानेही २०१४ साली आपल्या कायद्यात सासू-सासऱ्यांचा समावेश केला. भारताचा २००७चा ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा पाहिला तर तेथेही ‘मुले’ या व्याख्येत सून नाही. २०१९च्या दुरुस्ती विधेयकाने सून-जावयांवर जबाबदारी घालण्याचा प्रस्ताव आणला, पण करणाऱ्या सुनेला मदत करणे हा त्या प्रस्तावाचा हेतू नव्हता. दोन खंडांत कायदा सुनेकडे पाहतो तो दायित्वाची जागा म्हणून. हक्काची जागा म्हणून पाहणे अपवादाने घडते.

वैद्यकीय विम्याबद्दलचा गैरसमजही येथेच दूर केलेला बरा. मेडिकेअर ही पासष्ट वर्षांवरील लोकांची सरकारी विमायोजना. ग्रीन कार्डावर आलेल्या आणि अमेरिकेत कधी नोकरी न केलेल्या वृद्धाला ती सलग पाच वर्षे राहिल्यानंतर हप्ते भरून घेता येते. पण ती मिळाल्यानेही सांभाळाचा प्रश्न सुटत नाही, कारण आंघोळ घालणे, भरवणे, कपडे बदलणे, लक्ष ठेवणे अशा दीर्घकालीन निगेचा खर्च मेडिकेअर देत नाही. घरी येणाऱ्या मदतनीस स्त्रीचा दर देशभरात तासाला तीस डॉलरांच्या वर गेला आहे. पुण्यातल्या नणंदेला ब्युरोला फोन करून बाई ठेवता येते, आणि हर्नडनच्या वहिनीने तसे का करू नये असे तिला मनापासून वाटते. तिला हा दर सांगितल्यावर फोनवर जी शांतता पसरते तिच्यात मात्र काही वेळा खरा भावनिक आधार असतो.

ताण हा मनाचा खेळ आहे असे मानणाऱ्यांसाठी शरीराचा पुरावा उपलब्ध आहे. जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला: स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या तेरा स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या तेरा स्त्रिया यांच्या त्वचेवर सारख्याच मापाची लहान जखम करण्यात आली, आणि शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस अधिक लागले. जखमेला संस्कार कळत नाहीत. १९९९ साली रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी वृद्ध जोडीदारांवर केलेल्या अभ्यासात ताण अनुभवणाऱ्या शुश्रूषाकर्त्यांचा चार वर्षांतील मृत्युदर ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. आणि, हे विशेष लक्षात घ्यावे, ज्यांना शुश्रूषेचा ताण जाणवत नव्हता त्यांच्यात अशी वाढ आढळली नाही. म्हणजे माणसाला मारते ती सेवा नव्हे. मारते ती उसंत नसलेली सेवा.

हा दुसरा अभ्यास जोडीदारांचा असल्यामुळे तो हर्नडनच्या अशा एका स्त्रीकडे लक्ष वेधतो जी सुनेच्याही मागे लपलेली आहे. तळघरातल्या खोलीत ऐंशी-ब्याऐंशीचे आजोबा अंथरुणाला खिळलेले असतात आणि मुलगा-सून कामावर गेल्यावर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा त्यांचे सारे करणारी पंचाहत्तरीची आजी असते. तिला गाडी चालवता येत नाही, फोनवर आलेल्या इंग्रजी माणसाशी बोलता येत नाही, बर्फ पडला की ती आठवडाभर उंबऱ्याबाहेर पडत नाही, आणि तिच्या मणक्याच्या दुखण्याची नोंद कोणत्याही डॉक्टरकडे नसते, कारण डॉक्टरकडे न्यायचे ते आजोबांना. वृद्धांच्या सांभाळावरील चर्चेत तिची गणना सांभाळल्या जाणाऱ्यांत होते. ती सांभाळणारी आहे, आणि तिला तर कौतुकही मिळत नाही. नवऱ्याचे करणे हे बायकोचे कामच मानलेले आहे.

प्रचलित मताच्या बाजूने एक पुरावा खरोखर आहे आणि तो दडवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मेरी मिटलमन यांनी न्यूयॉर्कमध्ये अल्झायमरच्या रुग्णांच्या जोडीदारांवर दीर्घकाळ केलेल्या अभ्यासात समुपदेशन आणि आधारगट मिळालेल्यांना आपल्या माणसाला नर्सिंग होममध्ये ठेवण्याची वेळ, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मध्यकाच्या हिशेबाने ५५७ दिवस उशिरा आली. म्हणजे बोलण्याने फरक पडतो, असे विरोधक म्हणतील, आणि ते बरोबर आहेत. मात्र त्या समुपदेशनाची रचना पाहिली पाहिजे: शुश्रूषाकर्त्याशी दोन बैठका एकट्याने, आणि चार बैठका इतर कुटुंबीयांना समोर बसवून. जास्त वजन दुसऱ्या भागाला होते. ‘मन मोकळे कर’ असे तिला सांगून तो उपक्रम थांबला नव्हता. ज्यांच्यामुळे तिचे मन भरले होते त्या नातेवाइकांना त्याने खोलीत बोलावले होते. हर्नडन-पुणे व्हिडिओ कॉलला हा नियम लावला तर आईचे दर्शन पंधरा मिनिटांत आटोपून पुढची पंधरा मिनिटे दीर, नणंद आणि मुलगा यांनी पैशाचा हिस्सा, सुट्टीतले आठवडे आणि विमानाची तिकिटे यांवर बोलावे लागेल. असा कॉल गोड होणार नाही, पण आधार म्हणून तो मोजता येईल.

सरकारी सेवांच्या बाबतीत विरोधकांचा आक्षेप असा की त्या परक्या आहेत. हर्नडनमध्येच ग्रेस स्ट्रीटवर काउंटीचे प्रौढांसाठीचे दिवसभराचे आरोग्यसेवा केंद्र आहे. तेथे परिचारिका असतात, दिवसाचा कार्यक्रम असतो, आणि शुल्क उत्पन्नानुसार कमी-अधिक होते. शेजारी ज्येष्ठ नागरिकांचे केंद्रही आहे. २००० सालच्या राष्ट्रीय कुटुंब-शुश्रूषाकर्ता आधार कार्यक्रमाखाली वृद्धसेवा कार्यालयांमार्फत माहिती, समुपदेशन, प्रशिक्षण आणि ‘विश्रांतिसेवा’, म्हणजे घरच्या माणसाला काही तास किंवा दिवस मोकळे करण्यासाठी दिलेली पर्यायी देखभाल, पुरवण्याची तरतूद आहे. आणि त्या कार्यक्रमाच्या व्याख्येत कुटुंबातील कोणतीही प्रौढ व्यक्ती बसत असल्यामुळे रजेच्या कायद्याने नाकारलेली सून येथे मोजली जाते. तरीही मराठी घर ग्रेस स्ट्रीटपर्यंत पोहोचत नाही. कारणे खरी आहेत: तेथे वरण-भात नाही, मराठी बोलणारे कोणी नाही, कुंकू लावलेल्या बाईशेजारी बसून भजन म्हणणारी मैत्रीण नाही. पण या खऱ्या कारणांच्या मागे एक चौथे, न बोललेले कारण उभे असते, आणि ते म्हणजे ‘ठेवले’ हा शब्द. आठ तासांच्या केंद्राला मराठी कुटुंब वृद्धाश्रमाच्या मापाने मोजते. नातवाला ह्याच गावात वयाच्या दुसऱ्या वर्षी डे-केअरमध्ये पाठवताना त्याला कोणी अनाथाश्रम म्हटले नव्हते.

संस्कृती आणि सार्वजनिक सेवा यांचे वैर असते, हे जपानच्या उदाहरणाने खोटे ठरवले आहे. तेथेही सासूचे करणे हे सुनेचे कर्तव्य होते आणि वडीलधाऱ्यांचा मान मराठी घरापेक्षा तसूभर कमी नव्हता. केइको हिगुचि यांच्या पुढाकाराने १९८३ साली वृद्धत्वाच्या प्रश्नावर स्त्रियांची संघटना उभी राहिली. १९९७ साली दीर्घकालीन निगेच्या विम्याचा कायदा झाला आणि २००० साली तो अमलात आला. त्या वेळी कुटुंबाला रोख रक्कम द्यावी की सेवा द्यावी, असा वाद झाला. जर्मनीने १९९५ साली रोख रकमेचा पर्याय ठेवला होता. जपानी स्त्रियांच्या संघटनांनी रोख रकमेला विरोध केला, कारण पैसे घरात आले की सासरचे म्हणणार, आता तर मोबदलाही मिळतो, आता कर. त्यांनी सेवा मागितली, म्हणजे दारात येणारे दुसरे माणूस आणि दिवसभराचे केंद्र, आणि तीच मिळवली. स्वतःच्या घराची रीत आतून ओळखणाऱ्या बायकांनी घेतलेला तो निर्णय होता.

राहिला प्रश्न मंडळांचा. वॉशिंग्टन परिसरातील मराठी मंडळाने आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाने दशकानुदशके गणेशोत्सव, दिवाळी, मराठी शाळा आणि अलीकडे ज्येष्ठांसाठीचे ‘उत्तररंग’सारखे उपक्रम चालवले आहेत, त्यांच्या कामाचे मोल कमी करण्याचा येथे हेतू नाही. आक्षेप इतकाच की ज्येष्ठांसाठीचा कार्यक्रम आणि ज्येष्ठांचे करणारीसाठीचा कार्यक्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी अजून सुरूच झालेली नाही. ती सुरू करायला निधी लागत नाही. गणपतीच्या दिवशी शाळेचे जे सभागृह भाड्याने घेतले जाते त्याच्या शेजारची एक वर्गखोली, दोन-तीन आरामखुर्च्या, पाळीपाळीने बसणारे चार स्वयंसेवक, ज्यांपैकी निदान दोन पुरुष असावेत, आणि मऊ भाताचा एक डबा, इतके असले की सासूबाईंना घेऊन आलेल्या बाईला आरती ते महाप्रसाद असे तीन तास मोकळे मिळतील. ती त्या वेळात नाटक पाहील की मोटारीत जाऊन झोपेल, हे तिचे तिने ठरवावे. आजवर ती एकतर येत नाही, किंवा येते आणि मागच्या रांगेत दाराजवळ बसून सासूबाईंचा हात धरून ठेवते, आणि येणारा-जाणारा तिला सांगून जातो की किती छान करतेस गं तू.

ग्रेस स्ट्रीटवरचे केंद्र सोमवार ते शुक्रवार चालते. शनिवारी-रविवारी ते बंद असते. मंडळाचे कार्यक्रम बहुतेक शनिवारी-रविवारीच असतात.